हुतात्मा हवालदाराची स्मरणिका: साताऱ्यातल्या छापखान्याचा अनुभव

आधी दर सांगतो, कारण रिव्ह्यू वाचायला येणारा माणूस तेच शोधत येतो. 48 पानं, डेमी आकार, आतला कागद 80 जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) मॅपलिथो, मधली 8 पानं रंगीत आर्ट पेपरवर, कव्हर 300 जीएसएमचं, वर मॅट लॅमिनेशन, सेंटर पिन, 300 प्रती. डीटीपी (मजकूर टाइप करून पान लावणं) पानाला 70 रुपये धरून सगळं 27 हजारांच्या आत बसलं. साताऱ्यात याहून स्वस्तात छापून देणारे आहेत. राजपथावरच्या दोन ठिकाणी मी आधी विचारलं होतं, दोघांचेही दर कमी होते. तरी काम इथंच दिलं आणि पुन्हा असलं काम निघालं (न निघो) तर इथंच देईन. का, ते सांगतो. तक्रारीही आहेत, त्याही सांगतो.

मी निवृत्त सहायक फौजदार. आमच्या ठाण्यातला एक हवालदार रात्री हायवेला नाकाबंदी करताना गेला. मागून आलेल्या टेंपोनं बॅरिकेडसकट त्याला फरफटत नेलं. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते नेटवर नको आहे. आमच्यात एकमेकांना बक्कल नंबरानं (बिल्ल्यावरच्या नंबरानं) हाक मारायची सवय असते, तो नंबरही राहू द्या. बॅचमध्ये त्याला ‘टेप’ म्हणायचे. तेवढं इथं चालेल.

सरकारी पद्धतीनं जे व्हायचं ते नीट झालं. गावी मानवंदना झाली, हवेत फैरी झाल्या, साहेब लोक आले, पुष्पचक्रं वाहिली. पुढं 21 ऑक्टोबरला मुख्यालयाच्या मैदानावर त्याचं नाव वाचलं जाणार होतं. पोलिसांच्या घरांबाहेर हा दिवस फारसा कुणाला माहीत नसतो. 21 ऑक्टोबर 1959 ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग इथं चिनी सैन्यानं आपल्या पोलिसांच्या तुकडीवर हल्ला केला, त्यात 10 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या तारखेला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. मागच्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून या वर्षीच्या 31 ऑगस्टपर्यंत देशात जितके पोलीस कर्तव्यावर गेले, त्यांची नावं वाचतात. ‘शोक शस्त्र’ची आज्ञा होते, बंदुका उलट्या धरतात, बिगुल वाजतो. यादी लांब असते. आपल्या माणसाचं नाव येतं आणि छातीत काही हलेपर्यंत दुसऱ्या राज्यातलं नाव सुरू झालेलं असतं. यात वाचणाऱ्याचा काही दोष नाही. पण एवढ्यावर भागत नव्हतं, म्हणून बॅचवाल्यांनी वर्गणी काढली. सोबत काम केलेल्यांनी चार ओळी लिहायच्या, त्याचं पुस्तक करायचं आणि 21 तारखेला त्याच्या घरच्यांच्या हातात द्यायचं असं ठरलं. रिकामा माणूस म्हणून काम माझ्याकडं आलं.

सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला. तो मोबाइलमधून प्रिंट काढून मी छापखान्यात गेलो. डीटीपीला एक ताई बसतात, चाळिशीच्या असतील, चष्मा कपाळावर. आठ-दहा पानं वाचून त्यांनी गठ्ठा उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “काका, नावं झाकली तर हे कुणाबद्दल आहे ते कळत नाही.”

पोलीस खात्यातल्या माणसाला काउंटरवर असं ऐकायची सवय नसते. पण बाई खोटं बोलत नव्हत्या. एकूण एक मजकुरात ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘खात्याची कधीही न भरून निघणारी हानी’. मुळात तो हसतमुख नव्हताच. कपाळाला आठी घालूनच जन्माला आला असावा. दहाव्याला बोलायला उभं राहिलं की आपल्या तोंडून जे आपोआप बाहेर पडतं, तेच सगळ्यांनी टाइप केलं होतं.

मग ताईंनी एका को‍ऱ्या कागदावर पाच-सहा प्रश्न लिहून दिले. म्हणाल्या, निबंध नको, याचीच उत्तरं मागा. त्याच्याशी शेवटचं भांडण कशावरून झालं? ड्युटीवर डब्यात काय असायचं? कशाला चिडायचा? त्याच्याकडून काय शिकलात? त्याचे पैसे कुणाकडं राहिलेत का? हा कागद मी ग्रुपवर टाकला. दोन दिवस शुकशुकाट. नंतर जे यायला लागलं ते वाचून मी चष्मा पुसत बसलो.

ड्रायव्हरनं लिहिलं होतं: “नाइट राउंडला वाढे फाट्याला चहा ठरलेला. पैसे कायम तोच देणार. एकदा मी दिले तर पहाटपर्यंत बोलला नाही. उतरताना माझ्या खिशात वीसची नोट कोंबून गेला.”

आमच्या एका महिला अंमलदारानं लिहिलं की, बाळ लहान असताना गणपती विसर्जनाला तिला मोती चौकात रात्रभराचा पॉइंट (बंदोबस्ताची जागा) लागला होता. यानं ठाणे अंमलदाराशी भांडून स्वतःचा पॉइंट तिला दिला, जो तिच्या घराजवळ होता, आणि स्वतः पहाटपर्यंत मोती चौकात उभा राहिला. तिनं आभार मानले तर म्हणाला, “मला मिरवणूक बघायची होती.” त्याला ढोल-ताशाचा आवाज अजिबात सहन होत नसे, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

लोणंदचा माउलींच्या पालखीचा बंदोबस्त. त्याची आई दिंडीत चालत होती. पॉइंट सोडून तो भेटायला गेला नाही, म्हणून म्हातारीच रांगेतून बाहेर आली, भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि वर बोलली, “तुझ्या साहेबाला सांग, मी आले होते, तू नव्हता गेलास.” हे लिहिणारा शिपाई तेव्हा शेजारच्या पॉइंटला होता आणि त्या भाकरीतली अर्धी त्यानं खाल्ली होती, तेही लिहिलंय.

आणि टेप. अपघाताच्या पंचनाम्यात ‘अंदाजे’ हा शब्द त्याला चालायचा नाही. रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, साइडपट्टीपासून गाडी किती लांब, सगळं मोजायचं. ठाण्यात टेप होती ती तुटकी, म्हणून यानं पोवई नाक्यावरून स्वतःच्या पैशानं 30 मीटरची घेतली. कोर्टात उलटतपासणीला आरोपीचा वकील ‘अंदाजे’ शब्दाला धरून कसा सोलून काढतो, हे त्यानं एकदा बघितलं होतं. नवीन पोरांना तो टेपचं दुसरं टोक धरायला लावायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायला लावायचा. त्याच्या अपघाताचा पंचनामा ज्यानं लिहिला, त्यानं स्मरणिकेत तीनच ओळी दिल्या: “मोजमाप त्याच्याच टेपनं केलं. दुसरं टोक धरायला कुणी पुढं येईना. शेवटी साहेबांनी धरलं.”

या तीन ओळींना ताईंनी अख्खं पान दिलं, बाकी पान मोकळं. मालक म्हणाले, पान वाया जातंय, खाली दिव्याचं चित्र टाकू. ताई म्हणाल्या, नाही. मालक गप्प बसले. या एका ‘नाही’साठी मी पाच तारे दिले असते.

भाषा त्यांनी दुरुस्त केली पण धुतली नाही. शुद्धलेखन बघितलं, ‘ड्रायव्हर’ तीन तऱ्हेनं लिहिला होता तो एक केला. पण ड्रायव्हरचं बोलणं ड्रायव्हरचंच ठेवलं. क्रमाचा प्रश्न आला. आमच्याकडं हुद्द्याशिवाय पान हलत नाही. साहेबांचा संदेश फोटोसह पहिल्या पानावर घेतला आणि त्याच्यापुढं हुद्दा बघायचा नाही, असं ठरलं. होमगार्डचा मजकूर फौजदाराच्या आधी आला आहे. कुणीही तक्रार केली नाही, निदान माझ्यापर्यंत आली नाही.

आणखी एक सांगण्यासारखं. एक पान तुकाराम ओंबळेंवर हवं, असा सगळ्यांचा आग्रह होता. आपल्या जिल्ह्याचा माणूस, जावळी तालुक्यातलं केडंबे गाव, आणि हुद्दा माझाच, सहायक फौजदार. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरली ती सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. आमच्या पोरांनी लिहून आणलेल्या मजकुरात ‘परमवीर चक्र’ होतं. ताईंनी पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, अशोकचक्र, 2009. परमवीर युद्धातल्या शौर्याला मिळतं, हे पोलीस मुख्यालयातल्या लोकांना छापखान्यातून कळलं. एका पोरानं शेवटी जोडलं होतं की, ठाणे शहराकडं सापडलेल्या एका कोळ्याच्या (स्पायडर) प्रजातीला शास्त्रज्ञांनी ओंबळेंवरून ‘इसियस तुकारामी’ नाव दिलंय. मला ती थट्टा वाटली. ताईंनी शोधून खात्री केली आणि ओळ ठेवली. नेटवरून उतरवलेला ओंबळेंचा फोटो मात्र त्यांनी घेतला नाही. छापल्यावर चौकोन-चौकोन दिसतील, म्हणाल्या. ते पान फोटोशिवाय आहे.

आता तक्रारी.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि इथं अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर काम चालतं. फाँट बदलताना जोडाक्षरं फुटतात. पहिल्या प्रुफात ‘कर्तव्य’चा रफार प्रत्येक ठिकाणी पुढच्या अक्षरावर जाऊन बसला होता. सगळं सापडलं असं वाटून प्रूफ पास केलं, तरी छापील प्रतीत 31 व्या पानावर एक फुटका शब्द आहेच. कव्हरच्या पहिल्या प्रुफात फोटो उलटा होता. चेहरा पुस्तकाच्या आतल्या बाजूला दिसावा म्हणून डिझाइन करणाऱ्या पोरानं तो आरशासारखा फिरवला होता. सिव्हिल माणसाच्या ध्यानात येणार नाही, पण नावाची पट्टी उजव्या छातीवर असते आणि फिती डाव्या. आमचा माणूस उलटा गणवेश घालून उभा होता. पोराला सांगितलं तर म्हणाला, “काका, कुणाला कळतंय?” 21 तारखेला ते पुस्तक बघणारे सगळेच गणवेशातले असणार होते. फोटो सरळ करून घेतला. खाकी रंग मात्र शेवटपर्यंत हिरवटच राहिला, जंगल खात्याचा वाटतो.

कटिंग वाकडं आहे. गठ्ठ्यातल्या बऱ्याच प्रतींत खालचा समास एका बाजूला निमुळता होत गेलाय. काही प्रतींत मधली रंगीत पानं दोनदा लागली होती, त्या बदलून दिल्या. वेळेचं तर बोलूच नका. दसऱ्यानंतर दिवाळी अंक आणि त्यामागून लग्नपत्रिका अशी गर्दी असते, हे कबूल. पण ‘मंगळवारी नक्की’ म्हणून सांगितलेलं काम 20 तारखेला दिवेलागणीला हातात मिळालं, तेही मी मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो म्हणून. मालक फोन उचलत नाहीत. उचलला तर “होतंय, होतंय” एवढंच.

पैशांबद्दल एक. हुतात्म्याचं काम म्हणून त्यांनी एक रुपया सोडला नाही आणि मला ते बरं वाटलं. फुकट काम कायम गठ्ठ्याच्या तळाशी जातं आणि त्यावर तक्रारही करता येत नाही. निम्मे आगाऊ, निम्मे डिलिव्हरीला, पक्की पावती, ऑनलाइन पैसे चालतात.

घरासाठी मोठा फोटो फ्रेम करून घेतला तोही इथंच. छापील हार घालू का विचारलं, वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीनं, आधीच नको म्हणून सांगितलं होतं. फ्रेमचं काम चांगलं आहे. पण काच न घेता अ‍ॅक्रिलिक घेतलं तर त्यावर ओरखडे लवकर पडतात, काचच सांगा.

पुस्तकाचं घरी काय झालं हे विचारणारे बरेच भेटतात, म्हणून लिहितो. परेड संपल्यावर मुख्यालयातच प्रती दिल्या. वहिनींनी लगेच उघडलं नाही. आठवड्यानं फोन आला. त्यांना चहाच्या पैशांचं आणि मोती चौकाचं काहीच माहीत नव्हतं. ढोलाच्या आवाजाचं माहीत होतं, त्यावर हसल्या. मुलगा आठवीत आहे. ती टेप कुठं आहे, असं त्यानं विचारलं. ती ठाण्यात आहे, रोज वापरात आहे, असं सांगितलं. त्याला ती हवी होती, पण साहेबांनी नवीन घेऊन दिली आणि जुनी ठाण्यातच ठेवली. यावर ठाण्यात दोन मतं आहेत. माझं मत, जुनी पोराला द्यायला हवी होती.

पैसे कुणाकडं राहिलेत का, या प्रश्नाला तिघांनी खरी उत्तरं दिली होती. त्यांचा मजकूर छापला नाही, त्यांनीच नको म्हटलं. पण रकमा वहिनींकडं पोचल्या. एकाकडं तर सोसायटीच्या हप्त्यासाठी घेतलेली मोठी रक्कम होती, जिचा कागद नव्हता की साक्षीदार नव्हता.

चार तारे देतो. एक तारा कटिंग, वेळ आणि त्या हिरव्या खाकीचा कापला. दुकानाजवळ गाडी लावायला जागा नाही, गल्लीच्या तोंडाशी लावून चालत जा. ताई दुपारी दोन ते चार नसतात आणि त्या नसताना मजकूर दुसऱ्या कुणाकडं देऊन येऊ नका. फोटो मूळ प्रतीतले न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चालत नाहीत. तारीख ठरलेली असेल तर त्यांना चार दिवस अलीकडची सांगा. आणि प्रूफ घरी घेऊन जा, दोघांनी मिळून वाचा, एकानं मोठ्यानं. काउंटरवर उभं राहून सही करू नका.