जेम्सटाऊन ते यॉर्कटाऊन एका दिवसाची बस टूर: गाईडला पाच स्टार, कंपनीला दोन

आई-बाबा तासगावहून आलेत, म्हणून इथे नॉर्थ व्हर्जिनियातल्या एका टूरवाल्याकडे बुकिंग केलं (नाव लिहीत नाही, रिफंडचं बोलणं चालू आहे अजून). सकाळी ६ ची बस ६.५० ला आली आणि मग दिवसभर नुसतं चला चला चला.

आधी एक गोष्ट समजून घ्या, जेम्सटाऊन म्हणजे अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, पण त्या नावाची दोन ठिकाणं आहेत आणि कंपनी ते नीट सांगत नाही. एक जेम्सटाऊन सेटलमेंट, म्हणजे म्युझियम, तिथे तीन जहाजं, किल्ला, पौहटन या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती असं सगळं नव्याने बांधून ठेवलंय. दुसरं तिथून जवळच बेटावर, जिथे १६०७ च्या मे महिन्यात १०४ इंग्रज पुरुष आणि पोरं खरोखर राहायला उतरली ती जागा. आम्हाला नकलेला अडीच तास आणि अस्सल जागेला ४० मिनिटं!

जहाजं मात्र भारी आहेत, खोटं कशाला बोलू. सगळ्यात लहान डिस्कव्हरी, बाबांनी डेकवर पावलं टाकून बघितली आणि म्हणाले, "अगं ही तर आपली एसटी." त्यात २१ माणसं, चार महिन्यांच्या वर समुद्रात.

गाईड रिटायर्ड शाळामास्तर, माणूस एक नंबर. सोनं मिळेल म्हणून आलेली माणसं, नदीचं पाणी मचूळ, शेतीत लक्ष नाही, १६०९-१० च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत किल्ल्यातल्या साधारण ३०० पैकी ६० च्या आसपास उरली, हे सगळं त्याने नदीकाठी उभं राहून सांगितलं. मग तंबाखूने वसाहत तगली, आणि १६१९ मध्ये इथे लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली त्याच उन्हाळ्यात आफ्रिकन माणसं विकायला आणली, हेही त्याने गाळलं नाही. बाबांना सगळ्यात आवडलं ते म्हणजे ही वसाहत वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा कारभार बघणारा थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. म्हणजे दुकान एकच, शाखा दोन.

बेटावर तर अर्धा दिवस द्यायलाच हवा. जुना किल्ला नदीने गिळला असं लोक धरून चालले होते, १९९४ ला खोदायला घेतलं तेव्हा मातीत कुंपणाच्या खांबांच्या खुणा सापडल्या. तिथल्या म्युझियममध्ये १४ वर्षांच्या एका मुलीची कवटी आहे, त्या उपासमारीत मेली आणि मागच्यांनी तिला खाल्लं, हाडावर सुरीचे वार दिसतात. आई तिथे गप्प उभी आणि मागून कंपनीचा पोरगा, "मॅम, फाइव्ह मिनिट्स." चीड आली खरंच.

जेवणाचं तर विचारूच नका, व्हेज आधी लिहून दिलं होतं तरी हातात टर्की सँडविच. आईने धपाटे आणले होते म्हणून निभावलं. विल्यम्सबर्ग बसच्या खिडकीतून "बघितलं".

यॉर्कटाऊनला पोचलो तेव्हा पावणेपाच, आत जायला मिळालंच नाही. मग मैदानातच गाईडने सांगितलं, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, १७८१, समुद्र फ्रेंच आरमाराने अडवलेला, जमिनीवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच फौज, १९ ऑक्टोबरला इंग्रज शरण आले पण त्यांचा सेनापती कॉर्नवॉलिस आजारी म्हणून आलाच नाही, तलवार घेऊन हाताखालच्या ओहाराला पाठवलं. इथे बाबांनी हात वर केला. म्हणाले, तुमच्याकडून हरला आणि पाच वर्षांत आमच्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, १७९२ ला टिपूला तह करायला लावला, आणि तेव्हा त्याच्या बाजूने आमच्या तासगावचे, पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन लढत होते. मी आपली भाषांतर करतेय, गाईडला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी मोबाईल काढून त्याला तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर दाखवलं, परशुरामभाऊंनीच बांधलेलं, आणि तो माणूस झूम करकरून मजले मोजत बसला.

तुम्ही जाणार असाल तर स्वतःच्या गाडीने जा, दोन दिवस काढा, तिन्ही गावं २३ मैलांच्या पार्कवेने जोडलेली आहेत. गाईडची टिप मात्र आम्ही हातात दिली, कंपनीच्या ॲपवर नाही.