अवमान याचिका की खुलाशाचा अर्ज?

न्यायालयाचा आदेश पाळला गेला नाही, तर तो मोडणाऱ्यावर कारवाई मागणारी अवमान याचिका करावी, की आदेश नेमका करून मागणारा खुलाशाचा अर्ज? आदेश किती स्पष्ट आहे, यावर ते ठरतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. त्या पट्ट्यात डेब्रिजचा डंपर रिकामा झाला, तर टेप लावून अंतर दाखवता येतं. तिथे सरळ अवमान याचिका करावी.

पण आदेशात नुसतं ‘योग्य ती पावले उचला’ असेल, तर अवज्ञा जाणूनबुजून झाली हे सिद्ध कसं करणार? अधिकारी एक पत्र, एका बैठकीचं इतिवृत्त दाखवतो आणि सुटतो. मूळ आदेशात नसलेलं बंधन अवमानाच्या सुनावणीत घालता येत नाही. अशा वेळी मी आधी खुलाशाचा अर्ज करा म्हणेन: कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत. तोवर खाडी बुजत राहते, हे खरं दुखणं. अवमान याचिका करण्याची एक वर्षाची मुदतही सांभाळा. आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) असेल, तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी दरखास्तही, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते.