बावन्न रुपये फुटाचा इम्पोर्टेड प्लाय : दिवाळी ते गणपती वापरून

‘कापलेला माल परत घेतला जाणार नाही.’ गेल्या दिवाळीनंतर ज्या डीलरकडून मी हा प्लाय उचलला, त्याच्या बिलावर हे वाक्य तळाला बारीक अक्षरांत आहे आणि काउंटरमागच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत. आता प्लायच्या पोटात पोकळी आहे की नाही, हे कापल्याशिवाय कळायचं कसं? आणि कापला की माल आपला. गणपतीच्या तोंडावर, मखरांची कामं अर्धवट टाकून, मी या एका वाक्यावरून घाट चढून कोल्हापुरात भांडून आलो. हाती काही लागलं नाही. निदान लिहून तरी ठेवतो.

मालाची माहिती बहुतेकांना आहेच. आठ बाय चार फूट, १८ एमएम, लालसर फेस (म्हणजे वरचा पातळ थर), शीटवर ‘७१०’ असा ठसा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा हा नंबर) आणि डीलरच्या तोंडी ‘व्हिएतनामचा कंटेनर’. मला दर पडला ५२ रुपये फूट, म्हणजे चौरस फूट. त्याच दिवशी नेहमीचा देशी ब्रँडेड बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला दाद न देणारा प्लाय) ९८ ने होता. फुटाला ४६ चा फरक, म्हणजे ३२ फुटांच्या एका शीटमागे १,४७२ रुपये. कुडाळात दोन पोरांना हाताशी घेऊन ट्रॉल्या, कपाटं आणि भाद्रपदात मखरं करणाऱ्या माणसाला हा आकडा दिसला की तो दुसरं काही ऐकत नाही.

शिमग्यापर्यंत मी या प्लायचं कौतुकच करत होतो, आणि त्यातलं बरंचसं आजही कायम आहे. शीट जमिनीवर आडवी टाकली की चारी कोपरे टेकतात. आपल्या देशी मालात, नाववाल्या कंपनीच्यासुद्धा, एक कोपरा रुसलेला असतोच. कटरखाली कड स्वच्छ निघते, लॅमिनेट एकसारखं बसतं. कोअर, म्हणजे आतला गाभा, पॉपलरसारख्या हलक्या लाकडाचा, त्यामुळे एकटा पोरगा शीट उचलून टेबलावर टाकतो. संध्याकाळी माझी कंबर दुखत नाही, हा फायदा कुठल्या कोटेशनमध्ये लिहिता येत नाही, पण आहे.

खटकणाऱ्या गोष्टी तेव्हाही होत्या. १८ चा म्हणून घेतलेला माल कॅलिपरमध्ये १७ च्या आगेमागे भरतो. खाच १८ ची मारली तर फळी आत खुळखुळते. फेस इतका पातळ की सँडर दोनदा फिरवला की खालचा पांढरा कोअर डोकावतो; पॉलिशच्या कामाला हा माल नाहीच. फेसचा तो लालसर रंगही एकदा ओलं फडकं घासल्यावर फडक्याला लागला. वासाचं म्हणाल तर शटर ओढून काम करायची वेळ आली की डोळे चुरचुरतात. युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाचा वास आहे तो. हे सगळं मी ४६ रुपयांकडे बघून सोडून दिलं होतं.

मग तारकर्लीच्या बाजूला एका होमस्टेचं काम आलं. खोल्यांत भिंतीची कपाटं आणि मागे एक स्वयंपाकघर. मालक म्हणाले, “मेस्त्री, कपाटाक पाणी खय लागतला? थय स्वस्तातला घाला.” मी कोटेशनवर दोन ओळी वेगळ्या लिहिल्या : कपाटांना इम्पोर्टेड, सिंकखालच्या ट्रॉलीला आणि उंच युनिटला देशी बीडब्ल्यूआर. त्यांनी सही केली. त्यामुळे एकाच छपराखाली दोन्ही प्लाय एक आख्खा पावसाळा राहिले, ही आयती परीक्षाच झाली.

कपाटाला पाणी कुठे लागणार, हा प्रश्न घाटावर बरोबर आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात होमस्टे पावसात बंद. गिऱ्हाईक नाही म्हणून खोल्यांना कुलूप, पंखा फिरत नाही, खिडकी उघडत नाही, शंभर पावलांवर समुद्र. अशा खोलीत कपाटाला नळाची गरज पडत नाही.

नारळी पौर्णिमा झाली आणि फोन आला, “मेस्त्री, कपाटाचा दार हातात इला.”

जाऊन बघितलं. वरच्या ऑटो हिंजचे (आपोआप मिटणाऱ्या बिजागरीचे) दोन्ही स्क्रू बाहेर, खालची हिंज दाराचं सगळं वजन पेलत वाकलेली. हिंजच्या वाटीसाठी आपण ३५ एमएमचं भोक पाडतो. त्या भोकाच्या कडेला, नेमकी जिथे स्क्रूची जागा, तिथे मी पेन्सिल घातली तर ती आरामात आत गेली. कारखान्यात कोअरचे दोन तुकडे शेजारी शेजारी लावताना मध्ये जागा सोडलेली. स्क्रूने धरलं होतं ते फक्त वरच्या पातळ थराला आणि खाऱ्या हवेच्या गंजाला. दाराची खालची कड तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीसकट (एज बँडसकट) फुगली होती, कोपऱ्यात पापुद्रे सुटायला लागले होते. हे एका दाराचं. बाकीची वाजवून बघितली तर आणखी काही त्याच वाटेवर.

‘वाजवून बघितली’ म्हणालो, कारण तेव्हापासून मला पोकळीचं वेडच लागलंय. गल्ल्यात एक जुनं जाड पाच रुपयांचं नाणं ठेवलंय. शीट दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवायची आणि नाण्याच्या कडेने एका टोकापासून हळूहळू ठोकत जायचं. ठक, ठक, ठक, आणि मध्येच डब. जिथे डब येतं तिथे खडूने गोल. एका शीटवर इतके गोल झाले की पोरगा म्हणाला, “दादा, ही रांगोळी पुसू की ठेवू?” डीलरच्या गोडाऊनमध्ये नाणं बाहेर काढलं की हमाल आता मला डॉक्टर म्हणतात. म्हणू देत. घरातलं जेवणाचं टेबल, बँकेतला काउंटर, मेहुण्याच्या नव्या फ्लॅटची दारं, सगळं वाजवून झालंय. फ्लॅटची दारं बिल्डरने कशी बसवली असतील ते सांगत नाही, मेहुणा वाचतो.

पण या नाण्यानेच माझं मत थोडं फिरवलं. वर्कशॉपमध्ये पडून असलेला ९८ चा ब्रँडेड मालही ठोकला. पोकळ्या कमी, पण आहेत. आयएसआय मार्कचा, महागातला ७१० आणला होता, त्याच्याही एका शीटमध्ये कोपऱ्यात डब वाजलं. आणि त्याच होमस्टेच्या स्वयंपाकघरात जे उंच युनिट देशी बीडब्ल्यूआरचं केलं, त्याचं शटर पावसात असं बाकलं की वर बंद केलं तर खाली दोन बोटं उघडं राहतं. इम्पोर्टेडची दारं निखळली, पण जी टिकली ती आजही ओळंब्यात सरळ आहेत. तेव्हा ‘परदेशी वाईट, देशी चांगला’ हे मी म्हणणार नाही, कोणी म्हणवून घेऊ नये.

पोकळीचं मूळ लाकडात आहे. आपल्याकडचा प्लाय एके काळी ईशान्येतल्या जंगलातल्या जाड ओंडक्यांवर चालायचा. १९९६ च्या डिसेंबरात जंगलतोड रोखणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तिकडच्या गिरण्या बसल्या आणि धंदा सरकला हरियाणातल्या यमुनानगरच्या शेतातल्या पॉपलर-निलगिरीकडे आणि केरळात पेरुंबावूरच्या रबरवुडकडे. फेससाठी बर्माचं गर्जन यायचं, तर २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच थांबवली. आता शेतातलं बारीक झाड सोलून कोअरचे छोटे छोटे तुकडे निघतात, ते जुळवून थर करावा लागतो. जितके तुकडे तितके सांधे, आणि सांधा नीट मिळवायला माणूस आणि वेळ लागतो. ५२ रुपयांत तेवढा वेळ कोणी देत नाही, मग कारखाना व्हिएतनामात असो की हरियाणात.

गोंदाच्या बाबतीत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. ७१० च्या मालाचा सांधा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, असं मानक आहे. साध्या एमआरची (नुसत्या दमटपणाला टिकणाऱ्या प्लायची) परीक्षा नुसत्या ६० अंशांच्या पाण्यात होते. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण उकड्या तांदळासाठी भात उकडायचा मोठा टोप आहे. मागच्या चुलीवर दोन्ही प्लायचे हातभर तुकडे टाकून दिले. आईने झाकण उघडलं आणि म्हणाली, “मेल्या, भात उकडूचो टोप तो! लाकडा कित्याक शिजवतंस?” तिला समजावून सांगेपर्यंत ‘७१०’ ठशाच्या तुकड्याचे थर सुटून पाण्यावर तरंगत होते. देशी तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवला, काठाला जरा फुगला पण एकसंध राहिला. टोप घासून दिला, तरी आई अजून त्यात भात उकडायला तयार नाही. नवा टोप घ्यावा लागणार, तोही या प्लायच्याच खात्यात धरा.

कडेचा गोंद काळपट दिसला म्हणजे फिनॉलचा आणि फिनॉल म्हणजे वॉटरप्रूफ, अशी आपल्याकडे समजूत आहे. युरियाच्या गोंदात रंग मिसळूनही तो काळा करतात. या मालाची कड चांगली काळी होती.

ठशाचं आता सांगतो. खऱ्या आयएसआय मार्कवर मानकाचा नंबर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो बीआयएसच्या (हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं. बाहेरच्या देशातल्या कारखान्यालाही मार्क मारायचा तर बीआयएसचं लायसन्स घ्यावंच लागतं. माझ्या शीटवर नुसतं ‘७१०’. मार्क नाही, सीएम/एल नाही. डीलरला हे दाखवलं तर तो शांतपणे म्हणाला, “तो आमचा मॉडेल नंबर आहे.”

पुढचं संभाषण साधारण असं :

“हा बघा गॅप. पेन्सिल जातेय आत.”

“मेस्त्री, तुमच्याकडची हवाच तसली. त्याला मी काय करणार?”

“हवेनं पोकळी पडत नाही हो.”

“बावन्नात काय सागवान पाहिजे होतं का तुम्हाला? आणि हा कापलेला माल आहे, बोर्ड वाचा.”

शेवटी पुढच्या लॉटला फुटाला दोन रुपये कमी लावतो म्हणाला. त्याच मालाच्या पुढच्या लॉटला! चहा मात्र पाजला. आंबोलीतून उतरताना माझा जीव जळत होता तो पैशापेक्षा त्या ‘मॉडेल नंबर’वर.

हिशोबच करायचा तर होमस्टेच्या कपाटांना सहा शीट गेल्या, म्हणजे ८,८३२ रुपये वाचले. वाचले ते मालकांचे, कारण कोटेशनच त्या दराने होतं. माझी मजुरी दोन्ही प्लायला सारखीच. दारं निखळल्यावर मात्र नवी शटरं, हिंजेस, लॅमिनेट, गाडीचं पेट्रोल आणि पोरांचा रोज, हे सगळं माझं. कोटेशनवर सही आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. पण ते गृहस्थ दर बुधवारी मला बाजारात भेटतात आणि त्यांच्या चुलत भावाच्या घराचं काम मी मागतोय. डीलर घाटावर, कारखाना समुद्रापलीकडे. इथे रोज तोंड दाखवायचं ते मेस्त्रीने. म्हणून स्वस्त मालाचा दर गिऱ्हाइकाला परवडला तरी लहान वर्कशॉपला परवडेलच असं नाही.

तरी उरलेला माल मी फेकलेला नाही, तेवढी श्रीमंती नाही. सपाटपणामुळे सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) मखराची जाळी याच्यातून जी निघाली ती देशी प्लायमधून आजवर निघाली नव्हती. गणपती दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, मखर पुन्हा माळ्यावर कोरड्यात जातं. कपाटाची पाठ, ड्रॉवरचा तळ, दुकानातली उभी पार्टिशन, म्हणजे जिथे हिंज नाही आणि कडेत स्क्रू नाही तिथे चालतो. शटर, सिंक, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट, यांना कोणी फुकट दिला तरी नको.

शेजारचे म्हातारे मेस्त्री म्हणतात, हे सगळं सोड आणि फणसाची फळी लाव. देव्हाऱ्याला, चौरंगाला मी लावतोच. पिवळाधमक रंग पुढे पुढे तपकिरी होत जातो, त्याला तोड नाही. पण सुकलेली, रुंद फळी मिळणार कुठे आणि त्यात दोन फुटी शटर करून ते पावसात सरळ राहील ही हमी कोण देणार? ते स्वतःसुद्धा नातवाच्या घरात प्लायचंच कपाट करून बसलेत.

आता माझ्या कोटेशनवर प्लायच्या नावापुढे सीएम/एल नंबर लिहितो आणि शटरला इम्पोर्टेड हवा असेल तर मजुरी आधी पूर्ण घेतो. दोन गिऱ्हाइकं यावर निघून गेली, एक परत आलं. पेरुंबावूरच्या रबरवुड प्लायची चौकशी सुरू आहे. दर ८० च्या आत सांगतायत, पण वाहतूक धरून कुडाळात काय पडेल ते अजून कोणी नीट सांगत नाही. सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात कोणी तो मागवत असेल आणि अर्धा ट्रक वाटून घ्यायची तयारी असेल तर कळवा. उतरवताना मी नाणं घेऊन उभा राहीन, तेवढं चालवून घ्या.