जावयाचं गोल्फ, माझी टोपी: ३८,५५० रुपयांची गोष्ट

गोल्फच्या बुकिंगमध्ये कितीला फसलो तो आकडा आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. ३८,५५० रुपये. त्यातले ३३,७५० मी माझ्या हाताने, माझा पिन टाकून पाठवले. उरलेले ४,८०० जावयाने रात्री खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ ड्रायव्हरच्या हातावर ठेवले. ते मी त्यांना परत करायला गेलो तेव्हा ते "राहू द्या हो बाबा" म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी साताऱ्याचा. साखर कारखान्यात ३१ वर्षं अकाउंट्सला होतो, २०१९ ला रिटायर झालो. दोन रुपयांच्या व्हाउचरवर सही नसेल तर चेअरमनच्या ड्रायव्हरलाही परत पाठवणारा माणूस. हे मोठेपणासाठी सांगत नाहीये. पुढे वाचाल तेव्हा कळेल का सांगतोय.

मुलगी आणि जावई मँचेस्टरला असतात. नोव्हेंबरात जावई कंपनीच्या मीटिंगला दिल्लीला येणार होते, सोबत ऑफिसातला एक गोरा मित्र. बेत असा: शुक्रवारी रात्री विमानाने पुणे, दोन रात्री साताऱ्यात आमच्याकडे, रविवारी सकाळी पुण्यात गोल्फ, रात्रीच्या विमानाने परत दिल्ली. जावई म्हणाले होते, "बाबा, गोल्फचं मी बघतो." मीच म्हणालो, तुम्ही कशाला, मी आहे ना इथे. लग्नानंतर जावई दुसऱ्यांदा घरी येत होते. सासऱ्याने तेवढंही करू नये? तुम्ही काय केलं असतंत?

आता मला गोल्फमधलं काय कळणार? येरवड्याला गोल्फ क्लब रोड आहे, एवढंच माझं ज्ञान. मोबाईलवर शोधलं. दुसऱ्या दिवशी फेसबुक उघडलं तर समोरच जाहिरात: विमानतळावरून गाडी, गोल्फची वेळ, कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी), कॅडी (खेळणाऱ्याची बॅग उचलणारा माणूस), परत विमानतळ, सगळं एकाच पॅकेजमध्ये. हिरव्यागार मैदानाचे फोटो. फोन लावला तर एकदम अदबीने बोलणारा मुलगा, "सर" आणि "काका" दोन्ही आलटून पालटून. दोन जणांचे ३८,५०० सांगितले, निम्मे ॲडव्हान्स. मंगळवारी दुपारी १९,२५० पाठवले.

रक्कम टाकली तेव्हा स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. मी थांबलो. खरंच थांबलो, अंगठा वर धरून. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, मॅडम आमच्या अकाउंटंट आहेत." बास. अकाउंटंट म्हटल्यावर मी विरघळलो. कारखान्याची एक दमडी माझ्या स्वतःच्या खात्यात कधी आली नाही, आणि इथं मला ते चाललं!

पाच मिनिटांत पावती आली. ही पावती मी आता छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. बायको ओरडते, काढा ते. नाही काढणार.

त्या पावतीवर खालच्या कोपऱ्यात जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, सुरुवातीला राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७. पावतीवरच्या क्रमांकाची सुरुवात २७ नेच होती. पण अक्षरं चौदा. जीएसटी २०१७ च्या जुलैला लागू झाला, रिटायर होईपर्यंत दोन वर्षं मी रोज हेच मोजत होतो. सप्लायरची बिलं याच कारणासाठी परत पाठवली आहेत. आणि ही पावती बघताना मी काय बघितलं? जावयाचं नाव बरोबर लिहिलंय ना.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. पावतीवर इंग्रजीत लिहिलं होतं, टी टाइम सकाळी ७:१०. त्यातल्या 'टी'चं स्पेलिंग चहाचं होतं. टी, ई, ए. मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणालो, "बघ, सात दहाला चहापण देणारेत." ही म्हणाली, "नाश्ता पण विचारून घ्या." मी फोन करून विचारला. तो म्हणाला, "हो काका, नाश्ता कॉम्प्लिमेंटरी."

म्हणजे तोपर्यंत त्याला कळलंच असणार की पलीकडे कोण बसलंय.

गुरुवारी फोन आला, कार्ट आणि कॅडीसाठी डिपॉझिट, परत मिळणारं, ८,०००. पाठवले. फुकटात नाश्ता देणारा माणूस आठ हजारांसाठी खोटं कशाला बोलेल, असा माझा हिशेब.

शुक्रवारी रात्री पावणेअकराला जावई पुण्यात उतरले. ॲपवरच्या गाड्या जिथे लागतात त्या एरोमॉलच्या पार्किंगला ड्रायव्हर उभा होता. गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: भाड्याच्या टॅक्सीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. काही झालं तर विमा कंपनी हेही बघते. जावई मँचेस्टरला राहतात, त्यांनी पाटीकडे कशाला बघावं. बघायचं मी होतं, आणि मी घरी मटणाला फोडणी बसली का ते बघत होतो.

खेड शिवापूरला ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, मला कंपनीने पाचशेच दिलेत, बाकीचे ४,८०० दिल्याशिवाय पुढे नेणार नाही. बिचारा हडपसरचा पोरगा, तोही फसलेला. रात्री बाराला हायवेच्या कडेला परदेशी पाहुणा, दोन गोल्फच्या बॅगा. जावयाने दिले.

मी भडकून त्या पॅकेजवाल्या मुलाला फोन लावला. आणि पहिल्या रिंगला उचलला हो! माफी मागितली. "अकाउंट्सची चूक झाली काका, रविवारी बिलातून वजा करतो. आणि रविवारी तुमच्याच गाडीने या, त्याचेही वजा करतो." मी शांत झालो. आजही कळत नाही का. फसलोय हे मान्य करायचं तर जावयासमोर मान्य करायचं होतं, आणि ते तेव्हा समोर बसून मटण-भाकरी खात होते. म्हणून शनिवारी परदेशी पाहुण्याच्या पासचे म्हणून आणखी ६,५०० मागितले, तेही पाठवले. ठेच लागलेल्या दगडालाच परत ठेच. फोनवर कोणी "वजा करतो" म्हणाला की तिथेच फोन ठेवा.

रविवारी पहाटे साडेतीनला निघालो. माझी वॅगन आर. मागची अर्धी सीट पाडून एक बॅग आडवी, दुसरी गोऱ्याच्या मांडीवर. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा तो काहीतरी हसून बोलला, जावईपण हसले. मला वाटलं मजा येतेय त्यांना.

क्लबच्या गेटवर पावणेसातला पोचलो. वॉचमनने वही बघितली, मग आतून एक गृहस्थ आले. पावती हातात घेतली, वाचली, परत वाचली. माणूस सभ्य. अगदी हळू म्हणाले, "साहेब, ही टी चहाची आहे." मला काही कळेना. जावयाने खिशातून एक छोटीशी लाकडी खुंटी काढून दाखवली, बोटाच्या दीड पेरांएवढी. तिच्यावर चेंडू ठेवून पहिला फटका मारायचा, तिला म्हणतात टी. टी, डबल ई. ती वेळ म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, गोल्फचा कुठलाही माणूस ते चहासारखं लिहिणार नाही. त्या गृहस्थांनी हेही सांगितलं की या महिन्यात अशी पावती घेऊन आलेले आम्ही पहिले नाही. फोन लावला. बंद.

ज्याच्यासाठी चार दिवस धडपडलो त्याला गेटच्या जाळीतून गवत दाखवून परत आणलं. गोरा म्हणाला, नो प्रॉब्लेम. तेवढं इंग्रजी मलाही कळतं.

तर बाबांनो, गोल्फ खेळायला पाहुणा येणार असेल तर थेट क्लबच्या ऑफिसला फोन करा, नंबर जाहिरातीतला नको. बऱ्याच क्लबांत बाहेरच्याला सभासदाच्या ओळखीशिवाय घेत नाहीत आणि परदेशी पाहुण्याचे दर वेगळे असतात, ते विचारा. पैसे काउंटरवर भरा, पावती तिथेच घ्या. कॉलरचा टी-शर्ट लागतो, जीन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. अठरा होल, म्हणजे पूर्ण खेळ, खेळायला चार-साडेचार तास जातात, त्या दिवशीचं विमान त्या हिशेबाने धरा. आणि विमानतळावरून साताऱ्याला यायला पॅकेज कशाला हवं? स्वारगेट गाठा, तिथून एसटीची विनाथांबा आहे. बॅगा मोठ्या असतील तर गाडीचा नंबर आधी मागून एमपरिवहन ॲपवर टाका, गाडी खाजगी की भाड्याची ते दिसतं.

आता तक्रारीचं.

माझी चूक आधी कबूल करतो. रविवारी सकाळी सात वाजता कळलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला सोमवारी अकराला. का? जावई रात्रीच्या विमानापर्यंत सोबत होते आणि त्यांच्यासमोर "मी फसलो" असं फोनवर बोलायचं नव्हतं. त्या अठ्ठावीस तासांत पैसे तीन खात्यांतून फिरून निघून गेले. लगेच फोन केला असता तर निदान शनिवारचे ६,५०० कुठेतरी अडकले असते. लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी करा.

बँकेत गेलो. "सर, तुम्ही स्वतः पिन टाकलाय, म्हणजे व्यवहार ऑथराइज्ड आहे." बरोबर आहे, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं ग्राहकसंरक्षणाचं परिपत्रक आपण न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. पण माझं म्हणणं एवढंच होतं की समोरच्या खात्यावर होल्ड लावायला कळवा. तर म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंटचे ११८ रुपये घेतले, आणि शिक्का ज्यांच्या ताब्यात असतो ते साहेब दोन दिवस रजेवर.

ठाण्यात पहिला प्रश्न, "काका, गोल्फ? तुम्ही?" दुसरा, "प्रकार पुण्यात घडला, तिकडे द्या ना तक्रार." पुण्यातल्या ठाण्यात गेलो तर, "पैसे साताऱ्यातून गेलेत, तिकडेच होणार." मी म्हणालो, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न न काढता माहिती नोंदवून घ्यायची आहे. कायदा शिकवू नका म्हणाले. परत सातारा. शेवटी अर्ज घेतला, तीन प्रती मागितल्या. पोवई नाक्यावर झेरॉक्स, १८६ रुपये. टाइप करून आलेला जबाब वाचला तर त्यात लिहिलंय, "जावयास गोफ खेळणेकामी पुणे येथे नेले." गोफ! जावई आणि गोरा दोरी धरून टिपऱ्यांच्या तालावर नाचतायत असं चित्र आलं डोळ्यासमोर. दुरुस्त करा म्हटलं तर सिस्टिममध्ये गेलंय म्हणाले.

पाच आठवडे झाले. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर दिसतं, 'प्रक्रियेत'. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकलाय. त्यातून पैसे येतील असं वाटत नाही. पण व्हाउचर अर्धवट सोडायची सवय नाही.

परवा त्याच नंबरचा व्हॉट्सॲपवरचा फोटो बदललेला दिसला. गोल्फचं मैदान गेलं, स्ट्रॉबेरीची टोपली आली. खाली लिहिलंय, महाबळेश्वर-पाचगणी, चौघांना ११,९९९, विमानतळावरून गाडी, नाश्ता कॉम्प्लिमेंटरी. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. म्हणाले, छापून आणा. तीन प्रती.