नस जाळायची की नुसते ठोके द्यायचे?

पेन क्लिनिकमध्ये ‘रेडिओफ्रिक्वेन्सी करू’ (म्हणजे सुईतून नसेला वीज देऊन दुखणं कमी करू) असं सांगितलं, तर आधी विचारा: साधी की पल्स्ड, म्हणजे ठोक्याठोक्यांची? यंत्र तेच, सुई तशीच. नसेवर होणारं काम मात्र निराळं.

साध्या पद्धतीत सुईचं टोक साधारण ८० अंश सेल्सियसला मिनिट-दीड मिनिट ठेवतात. नसेचा तेवढा भाग जळतो, वेदनेचा निरोप तिथेच अडतो. पल्स्डमध्ये वीज २० मिलिसेकंदांच्या ठोक्यांनी, सेकंदाला दोनदा देतात. दोन मिनिटांच्या उपचारात ती प्रत्यक्ष वाहते जेमतेम ४.८ सेकंद. मधल्या वेळात उष्णता निघून जाते, तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. मग परिणाम होतो कशाने? मुख्यतः विद्युतक्षेत्राने, असं मानतात. उंदरांच्या नसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा वेदना वाहणाऱ्या बारीक सी-तंतूंत मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) आणि सूक्ष्मनलिका (पेशीला आधार देणाऱ्या बारीक नळ्या) विस्कटलेल्या दिसल्या. स्पर्शाच्या जाड तंतूंना इजा त्यामानाने कमी होती. ‘पल्स्डने नसेला काहीच होत नाही’ हे म्हणूनच अर्धं खरं.

तरी सरसकट पल्स्डच बरी, असंही नाही. चेहऱ्याच्या नसेतून तीव्र कळा येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात ४० रुग्णांवर दोन्हींची थेट तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पल्स्ड सपशेल मागे पडली. जाळण्याची किंमत मात्र आहे: गालाला बधिरपणा, कधी चावण्याची ताकद कमी होणं. कंबरेच्या फॅसेट सांध्यांसाठीही (मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे सांधे) मी साधीच निवडेन. तिथली नस लहान असते, आधी भुलीचं इंजेक्शन देऊन दुखणं तिथलंच आहे का हे तपासता येतं आणि आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढली की उपचारही पुन्हा करता येतो.

मानेतून हातात उतरणाऱ्या कळीचं गणित उलटं. मानेतल्या नसेच्या त्या मुळातून हाताची ताकद आणि स्पर्शही जातो, ते जाळणं धोक्याचं. इथे पल्स्ड शोभते. खोट्या उपचाराशी तुलना करणाऱ्या एका चाचणीत तीन महिन्यांनंतर ती सरस ठरली. रुग्ण मात्र अवघे २३.

पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. हात-पाय लुळे पडत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर हा प्रश्नच बाजूला ठेवून लगेच मणक्याचा सर्जन गाठा.