वर चढवायचा रेनसूट की आतलं लायनर? सातारा-महाबळेश्वर पट्ट्यातला पावसाळाभराचा अनुभव

सातारा जिल्ह्यात बाइकसाठी पावसाचे कपडे घेताना पहिली अडचण ही, की इथला पाऊस एकसारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, सातारा शहरात हजाराच्या मागेपुढे, आणि माण-खटावकडे पाचशेच्या घरात. मेढ्याहून केळघर घाट चढताना धुकं, गारठा आणि आडवा पाऊस. त्याच दिवशी दहिवडीकडे निघालात तर कोरडा रस्ता आणि अंगाला घाम. त्यामुळे 'सगळ्या ऋतूंसाठी एकच जॅकेट' ही जाहिरात इथे फारशी चालत नाही.

हा अनुभव मुख्यतः वरून चढवायच्या दोन भागांच्या रेनसूटचा आहे: आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दिलेलं पॉलिएस्टर, शिवणींवर टेप, खाली नेहमीचं गार्ड असलेलं मेश (जाळीदार) जॅकेट. तुलनेला जॅकेटच्या आत चेनने जोडायचं रेन लायनर आणि बाजारात हजाराच्या आत-बाहेर मिळणारा पीव्हीसीचा सूट. वीस हजारांच्या पुढची लॅमिनेटेड जॅकेट्स, म्हणजे पाणी अडवणारा पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेली, हा वेगळा मामला आहे. ती चांगली असतात, पण एप्रिल-मेमध्ये फलटणच्या उन्हात अंगावर ठेवून दाखवा.

लायनरचं आधी उरकून टाकू. ते पाणी अडवतं, पण शरीराजवळ. बाहेरचं मेश तोवर चिंब झालेलं असतं. जॅकेट जड होतं, आणि ओलं कापड वाऱ्यात वाळताना त्याला लागणारी उष्णता तुमच्या अंगातून ओढतं. साताऱ्याहून महाबळेश्वर सहाशे मीटरने उंच, म्हणजे नुसत्या उंचीनेच चार अंशांचा फरक. त्यात हे ओलं जॅकेट असेल तर माथ्यावर पोचेपर्यंत बोटांना क्लच नीट दाबता येत नाही. बाहेरच्या खिशातलं पाकीट आणि फोन भिजतात ते वेगळंच. शिवाय पाऊस सुरू झाल्यावर लायनर जोडायचं म्हणजे अख्खं जॅकेट उतरवणं आलं, तेही आडोसा नसलेल्या वळणावर. रेनसूट जॅकेटवरूनच चढतो. सवय झाली की दोन-तीन मिनिटांचं काम. या रस्त्यांसाठी लायनर ही आणीबाणीची सोय समजावी, रोजची नव्हे.

आता लेबलवरचा आकडा. ५,००० किंवा १०,००० मिमी म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पलीकडे थेंब दिसायला लागतात, त्याचं माप. ८० च्या वेगात समोरून येणाऱ्या हवेचा दाब या मापात जेमतेम ३० मिमी भरतो. थेंबांचा मार त्याहून खूप जास्त, पण क्षणभराचा. खरा सततचा दाब बसण्याच्या जागी असतो. ७० किलोच्या माणसाचं वजन सीटच्या ७०० चौरस सेंटीमीटरवर टेकलं तर तिथे १,००० मिमीएवढा दाब पडतो. मागच्या खिशात पाकीट असेल, पँट बुडाखाली चुरगळली असेल किंवा खड्ड्यात गाडी आपटली, की तो काही पट होतो. म्हणून सूटच्या जॅकेटला ५,००० पुरेसं, पँटला मात्र १०,००० पाहावं. दुकानदार नेमकं उलटं करतात: जॅकेटचा आकडा मोठ्याने सांगतात, पँट 'सेटमध्येच आहे' म्हणून पुढे ढकलतात.

तरीही पाणी कापडातून क्वचितच येतं. येतं ते शिवणीतून. पँटच्या दोन पायांच्या आणि पुढच्या-मागच्या शिवणी जांघेत एका बिंदूवर मिळतात. तिथे टेपवर टेप चढते, जाडी वाढते, आणि गाडीवर पाय टाकताना नेमका तोच जोड ताणला जातो. सीटच्या खोलगट भागात पाणीही तिथेच साचतं. चांगल्या पँटमध्ये हा जोड टाळायला तिथे वेगळा चौकोनी तुकडा शिवलेला असतो, किंवा आतून आणखी एक ठिगळ असतं. घेण्याआधी पँट उलटी करून एवढं पाहिलं तरी अर्धी निवड झाली. बाकीची टेप बोटाने चाचपा. कोपऱ्यात सुटलेली, सुरकुतलेली किंवा शिवणीवरून सरकलेली असेल तर दुसरा नग मागा.

घरी आणल्यावर तपासणी सोपी आहे. पँटचा जांघेचा भाग खोलगट धरून, बाहेरच्या बाजूला लिटरभर पाणी ओता आणि दहा मिनिटं खालून बघत राहा. जॅकेटच्या आत वर्तमानपत्र भरून, चेन लावून, समोरून पाइपने पाणी मारा. कागद कुठे ओला झाला त्यावरून वाट कळते. बहुतेक वेळा ती चेनच्या खालच्या टोकाशी किंवा कॉलरजवळ सापडते. चेनवर एक फ्लॅप असून भागत नाही. आत दुसरा फ्लॅप हवा, आणि त्याची कड आतल्या बाजूला दुमडून पन्हाळीसारखी केलेली हवी, म्हणजे आत घुसलेलं पाणी खाली निघून जातं.

मनगट आणि गळा हे कापडाचे नव्हे, घालण्याच्या पद्धतीचे प्रश्न आहेत. सुती शर्टाची बाही रेनसूटच्या बाहेर अर्धा इंच जरी डोकावली, तरी ती पाणी कोपरापर्यंत ओढून नेते. गळ्याशी बांधलेला रुमालही तेच करतो. म्हणून आतला कपडा पूर्ण आत, वेल्क्रो घट्ट. हात पुढे आणि खाली झुकलेले असतील तर ग्लोव्हज बाहीच्या आत घालायचे. हँडल उंच असून मनगट कोपराच्या वर राहत असेल तर बाहीच्या वर. रेनसूटचं हूड हेल्मेटखाली घालू नये. हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवून मागे पाहताना अडकतं. हूड कॉलरमध्ये गुंडाळून टाकायची सोय नसेल तर ते वाऱ्याने फुगून मानेला ओढत राहतं.

माप दुकानात उभं राहून घेऊ नका. रायडिंग जॅकेट अंगावर ठेवून, गाडीवर बसून, हात हँडलला लावून पाहा. बाही पाचेक सेंटीमीटर वर सरकते, पँट घोट्यावर त्याहून जास्त. जॅकेट पँटच्या कमरेवर किमान १५ सेंटीमीटर यायला हवं, कारण हायवेवर ट्रकच्या चाकांचा फवारा वरून नाही, खालून येतो. पण उगाच दोन साइझ मोठा घेतला तर ८० च्या पुढे फडफडतो, आणि त्या फडफडीनेच खांद्याची टेप सुटायला लागते. दंडावरचे पट्टे शोभेचे नसतात, ते आवळायचे.

पँटच्या पायाला गुडघ्यापर्यंत उघडणारी चेन असावी, म्हणजे बूट न काढता चढवता येते. ती नसेल तर बुटावर दुकानातली साधी कॅरीबॅग घालून पाय आत सारावा, सुळकन जातो. सायलेन्सरच्या बाजूला पोटरीवर उष्णता सोसणारा तुकडा आहे का ते पाहा. पीयू आणि पीव्हीसी दोन्ही गरम पाइपला लागताच वितळतात, आणि पाइपवर बसलेला काळा थर घासून काढण्यात रविवार जातो. पायांसाठी गमबूट स्वस्त आणि शंभर टक्के कोरडे, पण घोट्याला आधार नाही आणि गिअरचा अंदाज नीट येत नाही. बुटांवरची कव्हर्स चिखलात पाय टेकला की तळव्याला घासून फाटतात. पँट बुटाच्या आत कधीही खोचू नका. बूट तळापासून भरतो.

हातांसाठी महागड्या वॉटरप्रूफ ग्लोव्हजपेक्षा एक स्वस्त उपाय टिकला: नेहमीच्या ग्लोव्हजच्या आत नायट्राइलचे (एक प्रकारच्या रबराचे) पातळ हातमोजे. बाहेरचं चामडं भिजतं, हात घामाने थोडे ओलसर होतात, पण वारा लागत नाही म्हणून गारठत नाहीत.

'ब्रीदेबल', म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड, या शब्दावर मात्र जास्त पैसे घालवू नयेत, निदान जुलै-ऑगस्टसाठी. वाफ बाहेर जायला आत-बाहेर फरक लागतो. बाहेरची हवा दमट आणि कापडाचा वरचा थर पाण्याने माखलेला, मग ती जाणार कुठून? साध्या पीयू सूटमध्ये खंबाटकी घाटातल्या गाड्यांच्या रांगेत उभं राहिलं की आतून घाम येतोच, आणि पुष्कळ लोक त्यालाच गळती समजतात. पाणी कुठल्या जागी आहे ते पाहा: पाठ आणि काखेत सगळीकडे सारखा ओलावा म्हणजे घाम, एका रेषेत किंवा डागासारखं असेल तर गळती. पाठीला फ्लॅपखाली जाळी असलेला सूट त्यातल्या त्यात सुसह्य.

रंग काळा घेऊ नका. रिफ्लेक्टिव पट्टी दुसऱ्याचा हेडलाइट पडला तरच चमकते. पसरणी घाटातल्या दिवसाढवळ्याच्या धुक्यात उपयोगी पडतो तो फ्लोरोसंट पिवळा-हिरवा. चिखलाने तो महिनाभरात मळतो, हे खरं.

निगा चुकली तर चांगला सूटही दोन पावसाळ्यांत जातो. ओला सूट घडी करून डिकीत राहिला की बुरशी येते, आणि पीयूचा थर आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. असा थर सुटलेला सूट दुरुस्त होत नाही. रोज सावलीत हँगरला उलटा करून वाळवा, आधी आतली बाजू. धुवायचं तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने. पिळू नका, मशीन नको, कपडे मऊ करायचं लिक्विड तर अजिबात नको, त्याने वरचं पाणी झटकणारं फिनिश मरतं. शिवण गळत असेल तर ती जागा स्पिरिटने पुसून आतून पीयूचा सीम सीलर (शिवण बुजवायचा गोंद) पातळ लावा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. पीव्हीसीला हा सीलर धरत नाही, त्याला विनाइलचा गोंद लागतो. पीव्हीसी तशीही घडीवर तडकते, म्हणून तो सूट गुंडाळून ठेवावा.

खरेदी मे महिन्यात करा. जूनच्या पहिल्या सरीनंतर दुकानात एक्सएल किंवा ट्रिपल एक्सएल एवढंच उरतं, आणि बदलून घ्यायलाही कोणी तयार होत नाही. जॅकेट-पँट वेगवेगळ्या मापाची देणारं दुकान मिळालं तर दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी तिथेच घ्या.