वापरानंतरचा अनुभव: रेंडर करताना लॅपटॉप धाडकन बंद पडायचा, त्याचं काय निघालं

मी जळगावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यासाठी १५.६ इंची, आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड असा लॅपटॉप घेतला होता. आता दीड वर्ष होऊन गेलंय. स्क्रीन मस्त, कीबोर्ड मस्त, स्पीडबद्दल पण काही म्हणणं नाही. पण वॉरंटी संपली आणि त्याच उन्हाळ्यात हा बंद पडायला लागला. ना निळी स्क्रीन, ना काही मेसेज, थेट काळोख. ऐन लग्नसराईत अर्धा तास चाललेला रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवायचं काम, असा जातो तेव्हा काय होतं ते ज्याचं काम असतं त्यालाच कळतं.

दुकानात दाखवला तर पाच मिनिटं बघून सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार लागतील. एवढ्या लवकर मदरबोर्डवर नाव घालणारे भरपूर आहेत, म्हणून आधी घरीच तपासायचं ठरवलं.

पहिलं बघायचं ते विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमध्ये काय काय घडलं त्याची नोंदवही. त्यात सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी लाल एंट्री दिसते आणि ती बघून लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. कामाची गोष्ट तिच्या डिटेल्समध्ये असते. तिथे बगचेककोड शून्य असेल तर बहुतेक वेळा पॉवरच तुटलेली असते, शून्य नसेल तर निळ्या स्क्रीनचा प्रकार, म्हणजे ड्रायव्हर, रॅम वगैरे बघायचं. माझ्याकडे प्रत्येक वेळी शून्य. त्यामुळे फॉरमॅट मारून काही होणार नव्हतं.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, आणि त्यातलं सेन्सर लॉगिंग चालू करून रेंडर लावला. ही सगळ्यात उपयोगी आयडिया, कारण लॅपटॉप बंद पडला तरी तोपर्यंतची नोंद फाइलमध्ये राहते. शेवटच्या ओळींत सीपीयू ९८, ९९, १०० डिग्री. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिपना १०० ही मर्यादा असते, तिथे पोचल्यावर चिप स्वतःचा स्पीड कमी करते आणि तरी तापमान चढत राहिलं तर जळू नये म्हणून पॉवर कापली जाते. म्हणजे बंद पडणं हा बिघाड नव्हता, बिघाडापासूनचा बचाव होता! आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं, तीच गरम हवा खालून ओढून हा थंड व्हायचा प्रयत्न करणार.

उघडल्यावर फॅन वरून साफ दिसत होता. पण फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धूळ आणि कापसाच्या तंतूंचा पापुद्रा जमलेला, नमद्यासारखा दाट. नुसतं बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, फॅन सोडवावाच लागतो. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, आणि हवा मारताना फॅनचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं. चिपची उष्णता बाहेर काढायला मदत करणारी थर्मल पेस्टसुद्धा वाळून खडू झालेली, ती बदलली. तेवढ्याच रेंडरला आता तापमान ८२-८५ च्या आसपास.

इथे संपलं असं वाटलं, पण पावसाळ्यात लाइट जायला लागली तसा पुन्हा बंद पडायला लागला, आणि या वेळी मशीन गरम नसताना. फक्त चार्जर नसताना, बॅटरी ३०-३५ टक्के दाखवत असताना, आणि एडिटिंगचा लोड आला की लगेच. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की रिपोर्टची फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५२ हजार मिलीवॉट-अवरच्या वर आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) जेमतेम २४ हजार. सेल कमजोर झाले की लोड आल्यावर व्होल्टेज एकदम पडतं, स्क्रीनवरचा टक्का काहीही असो. ओरिजिनल बॅटरी टाकली, तोही त्रास गेला. टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर मात्र थांबू नका, बॅटरी फुगलेली असते, लॅपटॉप वापरणं आणि चार्ज करणं तिथेच बंद करा.

कंपनीवर राग आहे तो एवढाच की खालचे रबरी पाय इतके बुटके आहेत की टेबलावरसुद्धा हवा नीट आत जात नाही. मी मागून स्टँड लावून उचललाय. उन्हाळ्यात पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के ठेवतो, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा स्पीड, बंद होतो, रेंडरला वेळ जास्त लागतो पण पूर्ण होतो.

पाचपैकी साडेतीन. एसीत बसून काम असेल तर बिनधास्त घ्या, खानदेश-विदर्भात हेवी काम असेल तर दर उन्हाळ्याआधी उघडून साफ करायची तयारी ठेवूनच घ्या.